पुंगळी का अडकते?

आपल्यापैकी ज्यांनी एनसीसी केली आहे त्यांनी .२२ ची रायफल एकदा तरी चालवली असेल. गोळी झाडायची, बोल्टची मूठ उचलून मागे ओढायची, रिकामी पुंगळी टुणकन बाहेर पडते, मग बोल्ट पुढे ढकलून पुढचं काडतूस आत. सगळा कारभार हाताचा. पुंगळी अडकली तर दोष कोणाचा हे शोधावं लागत नाही, कारण बोल्ट अर्धवट ओढणारा हात आपलाच असतो.

स्पर्धेतल्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात हेच सगळं आपोआप होतं, आणि तेही सेकंदाच्या काही शतांश भागात. डोळ्याला काही दिसत नाही. त्यामुळे ते बिघडलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी म्हणतं गोळ्याच खराब आहेत, कोणी म्हणतं स्प्रिंग बदल, कोणी तेलाची बाटली पुढे करतं, आणि एखादा उत्साही वीर थेट कानस घेऊन हजर होतो. त्या कानशीपर्यंत पोचण्याआधी काय काय करता येतं, ते या लेखात बघू.

आधी हे सांगतो की एका पुंगळीने एवढं काय बिघडतं. २५ मीटर पिस्तूल हा महिलांचा ऑलिंपिक प्रकार आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवलं होतं. यात पात्रता फेरीत ६० गोळ्या: पहिल्या ३० सावकाश नेम धरून आणि पुढच्या ३० 'रॅपिड'. रॅपिडमध्ये लक्ष्य ३ सेकंद समोर असतं, मग ७ सेकंद नसतं, असं पाच वेळा. प्रत्येक वेळी हात खालून वर आणायचा आणि एकच गोळी झाडायची. पहिल्या गोळीनंतर पुंगळी अडकली तर पुढचे ३ सेकंद नुसतं बघत बसायचं.

नियम थोडी दया दाखवतात. पुंगळी बाहेर न पडणं हा 'मान्य' बिघाड समजला जातो आणि त्या सिरीजच्या राहिलेल्या गोळ्या झाडू देतात. पण ही सवलत प्रत्येक टप्प्यात एकदाच मिळते. आता हिशोब करा. समजा तुमचं पिस्तूल ५० गोळ्यांत एकदा अडकतं, म्हणजे दोन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ६० गोळ्यांत निदान एकदा अडकण्याची शक्यता १ वजा ०.९८ चा ६० वा घात, म्हणजे सुमारे ७० टक्के. आणि रॅपिडच्या ३० गोळ्यांत दोन किंवा जास्त वेळा अडकण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. दुसऱ्यांदा अडकलं की न झाडलेल्या गोळ्यांचं शून्य. वर्षभर पहाटे उठून केलेला सराव दहा रुपयांच्या एका स्प्रिंगपायी पाण्यात जातो तो असा.

आता यंत्राकडे वळू. पार्डिनी एसपी, वाल्थर जीएसपी, फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ ही या प्रकारात रेंजवर दिसणारी नावं. सगळी .२२ लाँग रायफल हे काडतूस वापरतात. हे काडतूस १८८७ सालचं आहे, म्हणजे आपल्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातल्या कित्येक गोष्टींपेक्षा ते जुनं. पुंगळीची लांबी साधारण १५.६ मिमी, तळाला बाहेर आलेली कड म्हणजे रिम, आणि ठिणगीचा मसाला त्या रिमच्या आतच भरलेला. पुढची शिश्याची गोळी २.६ ग्रॅमची, वरून मेणासारख्या वंगणाचा हात दिलेली. हे मेण लक्षात ठेवा, ते पुढे येणार आहे.

या पिस्तुलांचं तत्त्व 'ब्लोबॅक'. बोल्टला कुठलंही कुलूप नसतं. चेंबरमध्ये दाब तयार झाला की तो गोळीला पुढे ढकलतो आणि पुंगळीच्या तळाला मागे. पुंगळी बोल्टला ढकलते, बोल्ट जड असल्यामुळे आस्ते आस्ते निघतो, तोवर गोळी नळीच्या बाहेर गेलेली असते. म्हणजे ब्लोबॅकमध्ये पुंगळी चेंबरमधून बाहेर येते ती मुख्यतः गॅसच्या दाबाने. मग एक्स्ट्रॅक्टर कशाला? नावावरून वाटतं की तो पुंगळी ओढून काढतो. हाताने जिवंत काडतूस काढताना तो ते काम करतोच. पण गोळी झाडल्यावर त्याचं खरं काम असतं पुंगळीची रिम बोल्टला घट्ट धरून ठेवायचं. बोल्ट मागे येतो, दुसऱ्या बाजूला एक खुंटा उभा असतो, तो इजेक्टर. पुंगळीची एक कड एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्यात अडकलेली आणि दुसऱ्या कडेवर इजेक्टरचा ठोसा. अप्लाइड मेकॅनिक्समधला बिजागरी आणि बलाचा साधा मोमेंट. पुंगळी आकड्याभोवती फिरते आणि खिडकीतून बाहेर उडते.

आता यातली अर्धी उत्तरं आपोआप मिळतात. आकडा सैल असेल तर बिजागरीच नाही, मग ठोसा बसण्याआधीच पुंगळी घसरून पडते. बोल्ट हळू आला तर बिजागरी आहे पण ठोसा लेचापेचा, म्हणून पुंगळी खिडकीतच रेंगाळते आणि परत येणारा बोल्ट तिला चिमटीत पकडतो. पुंगळी धुराड्यासारखी उभी राहते. रेंजवर याला 'स्टोव्हपाइप' म्हणतात, आणि एकदा बघितलं की हे नाव विसरत नाही.

बोल्ट किती हळू आला तर अडकेल? ढोबळ आकडेमोड करू. बोल्ट २०० ग्रॅमचा आणि त्याची चाल ३० मिमी धरा. गोळी ३०० मीटर प्रति सेकंद वेगाने निघाली तर तिचा संवेग ०.७८ किलो-मीटर प्रति सेकंद. गॅसचा वाटा सध्या सोडून देऊ. बोल्टला तेवढाच संवेग उलट दिशेने, म्हणजे वेग ३.९ मीटर प्रति सेकंद आणि गतिज ऊर्जा सुमारे १.५२ ज्यूल. यातून स्प्रिंग दाबायला सरासरी २० न्यूटनने ०.६ ज्यूल, हॅमर ताणायला आणि घर्षणाला ०.३ ज्यूल धरा. शिल्लक ०.६२ ज्यूल.

आता जरा मंद काडतूस घ्या, २६० मीटर प्रति सेकंदाचं. वेग फक्त १३ टक्के कमी. बोल्टची ऊर्जा १.१४ ज्यूल, खर्च तोच ०.९, शिल्लक उरले ०.२४! म्हणजे वेग १३ टक्क्यांनी घटला आणि हातात राहणारी शिल्लक ६० टक्क्यांनी. पगार थोडासा कमी झाला पण घरभाडं तेच, तसली गत. म्हणूनच एखादं पिस्तूल एका जातीच्या काडतुसावर मख्खन चालतं आणि दुसऱ्यावर सारखं रडतं. पिस्तूलही बिघडलेलं नसतं आणि काडतूसही, फक्त दोघांचं जमत नसतं. बोल्टच्या खाचेत धूळ आणि तेलाचा चिखल झाला, किंवा कोणीतरी कडक स्प्रिंग टाकली, तरी हीच शिल्लक खाल्ली जाते. मनगट ढिलं ठेवलं तर आख्खं पिस्तूलच बोल्टबरोबर मागे जातं आणि बोल्टची सापेक्ष चाल कमी पडते. पण स्पर्धेची पिस्तुलं चांगली जड असतात (नियमाने १४०० ग्रॅमपर्यंत), त्यामुळे प्रत्येक अडकण्याचं खापर नेमबाजाच्या मनगटावर फोडायची जी सवय काही जणांना असते ती मला पटत नाही. आधी यंत्र तपासा, मग माणूस.

तपासायचं कसं? अडकल्यावर पहिली प्रतिक्रिया असते बोल्ट खटकन ओढून मोकळा करायची. सरावात तरी हा मोह आवरा. नळी लक्ष्याच्या दिशेनेच, बोट चापाबाहेर, आणि नुसतं बघा. पुंगळी चेंबरमध्येच राहिली आहे, का बाहेर येऊन बोल्टखाली पडली आहे, का खिडकीत उभी आहे? या तीन दृश्यांची कारणं वेगवेगळी आहेत आणि बोल्ट ओढला की पुरावा गेला. बघून झाल्यावर मॅगझिन काढा, बोल्ट मागे घ्या, चेंबर रिकामं असल्याची खात्री करा, सेफ्टी फ्लॅग घाला. त्यानंतरच बाकीचे उद्योग.

चेंबरमध्येच राहिली असेल तर संशय चेंबरवर. गोळीवरचं मेण, शिश्याचा अंश आणि काजळी यांचा थर तिथे साचतो आणि पुंगळी चिकटते. नळी आरशासारखी चकचकीत आणि चेंबर काळंकुट्ट असं बऱ्याचदा दिसतं, कारण साफसफाईवाला ब्रश पुढून घालतात आणि चेंबरपर्यंत नीट पोचत नाहीत. दुसरा संशय थोडा खोडकर आहे. रिमफायरमध्ये फायरिंग पिन रिमच्या कडेवर आपटते. चेंबर रिकामं ठेवून चाप ओढत बसलं, तर काही पिस्तुलांत ती पिन थेट चेंबरच्या काठावर बसते आणि तिथे लोखंड दबून आत एक बारीक बर येते. अशा चेंबरमधून निघालेल्या पुंगळीवर प्रत्येक वेळी एकाच जागी ओरखडा दिसतो. ती पुंगळी फेकू नका, तीच तुमचा पुरावा.

पुंगळ्या वाचायला शिकणं हे या सगळ्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. उजव्या हाताला जमिनीवर एक जुनी चादर अंथरा. सगळ्या पुंगळ्या साधारण एकाच टापूत पडत असतील तर यंत्रणेची तब्येत ठीक. काही दोन मीटरवर आणि काही पायाशी पडत असतील तर आकड्याची पकड किंवा काडतुसांचा दर्जा कमी-जास्त होतोय. सगळ्याच पायाशी पडत असतील तर ऊर्जेची शिल्लक कमी. पुंगळीच्या बाहेरून भरपूर काजळी असेल तर दाब कमी पडून पुंगळी चेंबरच्या भिंतीला नीट चिकटून सील करत नाहीये, म्हणजे पुन्हा मंद काडतूस. उलट तळाजवळ पुंगळी फुगलेली असेल तर दाब उतरायच्या आत बोल्ट उघडतोय: स्प्रिंग दमली आहे किंवा काडतूस जास्तच तेज आहे. अशा वेळी सराव थांबवा, हा नुसता अडकण्याचा प्रश्न राहिलेला नाही.

आमच्या क्लबच्या एका पिस्तुलाची गोष्ट सांगतो, म्हणजे नुसती थिअरी वाटणार नाही. आमच्या एक सीनियर ताई त्यावर राज्य स्पर्धेची तयारी करत होत्या आणि ते वरचेवर स्टोव्हपाइप करत होतं. स्पर्धा तीन आठवड्यांवर. सल्ले वर सांगितले तसेच आले. एकाने तर आदल्या रात्री काडतुसांची जात, स्प्रिंग आणि तेल तिन्ही एकदम बदलायचा प्रस्ताव मांडला. सर म्हणाले, "बदला की. पण मग बरं झालं तर कशाने झालं ते कोणाला विचारणार?" आणि त्यांनी एक वही काढायला लावली. गोळीचा क्रमांक, कुठलं मॅगझिन (मॅगझिनांवर मार्करने आकडे टाकले), काडतुसाच्या खोक्याचा लॉट नंबर, आणि अडकलं तर कसं. बास. काहीही न बदलता २५० गोळ्या.

पाच वेळा अडकलं. दोन्ही लॉटमध्ये, तिन्ही मॅगझिनमध्ये. म्हणजे काडतूस आणि मॅगझिन यांच्यावरचा संशय बराचसा कमी झाला. पण वहीत वेगळीच गंमत होती. पाचांपैकी चार वेळा अडकली ती मॅगझिनमधली शेवटची, पाचवी गोळी. ताई म्हणाल्या, "योगायोग असेल रे." मग एम-थ्री वाल्यांनी कागद घेतला. शेवटच्या गोळीवर अडकण्याची शक्यता निव्वळ योगायोगाने पाचात एक. पाचांपैकी निदान चार वेळा तसं होण्याची शक्यता येते ०.००६७, म्हणजे हजारात सातसुद्धा नाही. योगायोग म्हणायला हे जरा जास्तच झालं.

शेवटच्या गोळीत वेगळं काय असतं? तिच्याखाली मॅगझिनमध्ये काडतूस नसतं. पहिल्या चार गोळ्यांच्या वेळी खालचं काडतूस मागे येणाऱ्या पुंगळीला खालून आधार देतं, त्यामुळे आकडा सैल असला तरी पुंगळी इजेक्टरपर्यंत जागेवर राहते. पाचव्या वेळी खाली मोकळं, सगळा भार आकड्यावर. तो ढिला असेल तर पुंगळी ओघळते. नुसत्या वहीतून आरोपीचं नाव निघालं, एकही स्क्रू न फिरवता.

मग बोल्ट बाहेर काढला, एक रिकामी पुंगळी बोल्टच्या तोंडाशी आकड्याखाली सरकवली आणि बोल्ट हलकेच हलवला. चांगल्या आकड्याने पुंगळी धरून ठेवायला हवी. आमची टपकन खाली पडली. भिंग लावून बघितलं तर आकड्याच्या टोकाखाली मेण आणि काजळीचं काळं लुकण घट्ट बसलेलं, इतकं की आकडा रिमवर पूर्ण मिटतच नव्हता. लाकडी दात-कोरणीने आणि ब्रशने ते काढलं. पुंगळी आता हलवल्यावर टिकली, पण जोरात हलवलं की सुटायची. स्प्रिंगही थकली होती. ती शस्त्रांची दुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून बदलून घेतली.

इथे एक महत्त्वाची गोष्ट. साफसफाई, वंगण, भिंगाने निरीक्षण, नोंदी हे आपलं काम. पण आकड्याला कानस लावणं, इजेक्टर वाकवणं, चेंबरच्या काठाची बर काढणं ही कामं वर्कशॉपमध्ये जॉब केले म्हणून आपल्याला येतात असं समजू नका. एक तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकांची दुरुस्ती हा परवान्याचा विषय आहे. आणि दुसरं म्हणजे धातू काढता येतो, परत चिकटवता येत नाही. इजेक्टरचं टोक पाव मिलिमीटर घासलं की ठोशाची वेळ आणि दिशा दोन्ही बदलतात. म्हणून क्रम असा ठेवायचा की जे परत पूर्ववत करता येतं ते आधी, जे करता येत नाही ते सगळ्यात शेवटी आणि जाणकाराच्या हातून.

तेलाबद्दलही दोन शब्द. आपल्याकडे मार्च ते मे रेंजवर धूळ असते. भरपूर तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. चेंबर तर कोरडंच हवं, कारण तेलकट चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरत नाही आणि बोल्टवर जास्त जोर येतो. बोल्टच्या सरकत्या जागांवर पातळ हात पुरे. पावसाळ्यात गंजासाठी लावलेलं घट्ट तेल सरावाआधी पुसून काढायचं.

दुरुस्तीनंतरचा टप्पा बहुतेक सगळे गाळतात. स्प्रिंग बदलल्यावर आम्ही ५० गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही. पेढे वाटायची तयारी झाली. सरांनी विचारलं, काही दुरुस्त केलंच नसतं तर ५० गोळ्या निर्विघ्न जाण्याची शक्यता किती? ०.९८ चा ५० वा घात: ३६ टक्के. म्हणजे तीनांतून एकदा पिस्तूल नुसतंच शहाण्यासारखं वागलं असतं. १५० गोळ्यांना तीच शक्यता ५ टक्क्यांच्या खाली येते. काडतुसं फुकट मिळत नाहीत, क्लबच्या खजिनदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण १५० झाडल्याच. एकही अडकली नाही. तेव्हा कुठे ताईंनी त्याच पिस्तुलावर जायचं ठरवलं.

आता स्पर्धेच्या दिवशी अडकलं तर? इथे सरावाची सवय उपयोगी पडते. पिस्तूल हातातच, नळी लक्ष्याकडे, मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. त्यांनी तपासायच्या आत तुम्ही बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावलात तर तो बिघाड 'अमान्य' होतो, मग पुंगळी कितीही खरीखुरी अडकलेली असो. सेफ्टी चालू राहिली किंवा चाप पुरेसा ओढलाच नाही, तरीही अमान्य. आयपीएससी नावाच्या प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये याच्या बरोबर उलट असतं, तिथे घड्याळ चालू असताना नेमबाजाने स्वतःच खटकन मोकळं करायचं असतं. त्याचे व्हिडिओ बघून आलेली नवी पोरं २५ मीटरवर नेमकी तिथेच गुण घालवतात.

बिघाड मान्य झाला तर पिस्तूल दुरुस्त करायला किंवा बदलायला १५ मिनिटांपर्यंत वेळ मिळतो. पंधरा मिनिटांत शोध लावता येत नाही, फक्त आधी लागलेला शोध वापरता येतो. म्हणून ताईंच्या डब्यात त्या दिवशी होतं ते एवढंच: चेंबरचा ब्रश, कोरडं फडकं, दात-कोरण्या, भिंग, तपासलेल्या लॉटची काडतुसं, एक जादा एक्स्ट्रॅक्टर आणि त्याच्या दोन स्प्रिंगा. दोन अशासाठी की ती स्प्रिंग तांदळाच्या दाण्याएवढी असते, आणि घाईत बसवताना उडाली की रेंजच्या गवतात कोणालाही सापडत नाही.